पायगेममध्ये मराठी तुटतंय, रफार उडतोय, वेलांटी पळतेय: फॉन्ट बदलायच्या आधी हे बघा

दर वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मला एकच फोन येतो, की स्क्रीनवर अक्षरं फुटलीत, फॉन्ट खराब झालाय, दुसरा टाकून दे. इंदूरला आमच्या कॉलनीच्या मंडळात मंडपाच्या बाजूला टीव्ही लावतात, त्यावर आजचे कार्यक्रम, उद्याच्या प्रसादाचा मान कोणाकडे, स्पर्धांचे निकाल असं सगळं फिरत राहतं. ते मी पायथनमध्ये पायगेम ही गेम बनवायची लायब्ररी घेऊन लिहिलं होतं, एका रात्रीत, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन परत आल्यावर, आणि कोड वाचलात तर ते लक्षात येतंच.

चार वर्षं झाली. या चार वर्षांत फॉन्टचा दोष फक्त एकदा निघाला, बाकी प्रत्येक वेळी मजकूर फॉन्टपर्यंत पोचायच्या आधीच मी स्वतः त्याचे तुकडे करून ठेवले होते. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय, निदान पुढच्या वर्षी मला तरी सापडेल.

आधी नक्की काय दिसतंय ते नीट बघा. फोनवर सगळे "तुटलंय" एवढंच सांगतात, पण त्यात तीन वेगळे आजार असतात. अक्षराच्या जागी चौकोन येत असतील तर तो एक. अक्षरं ओळखू येतायत पण वेलांटी भलतीकडे, रफाराच्या जागी पाय मोडलेला र, जोडाक्षरं सुटी, तर तो दुसरा. आणि अक्षरं एकदम सुंदर दिसतायत पण शब्दच बदललाय, तर तो तिसरा, आणि तो सगळ्यात वाईट कारण तो टेस्टिंगमध्ये कोणालाच दिसत नाही, थेट मंडपात दिसतो.

चौकोनांचं लवकर आटपतो. तुम्ही पायगेमचं सिसफॉन्ट हे फंक्शन वापरून फॉन्टचं नुसतं नाव देत असाल तर त्या नावाचा फॉन्ट मशीनवर नसला की पायगेम एरर देऊन थांबत नाही, आपला डिफॉल्ट फॉन्ट घेतं आणि त्यातनं मला तरी फक्त चौकोन मिळाले. घरच्या लॅपटॉपवर चालतं आणि मंडपातल्या पीसीवर चालत नाही याचं हे नेहमीचं कारण. फॉन्टची फाईल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पूर्ण पाथ देऊन उघडा. पाथ प्रोग्रॅमच्या फाईलपासून काढा, चालू फोल्डरपासून नाही, कारण मशीन चालू होताच आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम भलत्याच फोल्डरमधून सुरू होऊ शकतो. एक दोनच चौकोन दिसत असतील, बाकी ओळ ठीक असेल, तर व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या मजकुरात हात जोडलेला इमोजी आलाय, दुसरं काही नाही. पायगेम एका फॉन्टमध्ये नसलेलं चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून आणत नाही, रुपयाच्या चिन्हाचंही तेच. आणि प्रेसवाल्यानं दिलेली फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर ती कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे, तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी चित्रं बसवलेली असतात, ती आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, पायगेमचा त्यात काही संबंध नाही.

आता खरा आजार. माझा टेस्टचा शब्द आहे "विद्यार्थ्यांना". कोणताही फॉन्ट, कोणतीही लायब्ररी असो, मी आधी हा शब्द काढून बघतो. वाचताना चार अक्षरं आहेत, वि, द्या, र्थ्यां, ना. पायथनला लांबी विचारली तर १५ सांगतो, कारण त्याच्या दृष्टीनं व वेगळा, वेलांटी वेगळी, द वेगळा, हलन्त वेगळा, अशी ही १५ जणांची रांग आहे. रांगेत वेलांटी व च्या मागे उभी आहे पण कागदावर ती व च्या आधी, डावीकडे काढायची असते. र आणि त्याचा हलन्त थ च्या आधी उभे आहेत पण काढताना रफार होऊन र्थ्यां च्या शेवटच्या कान्यावर बसतो. ही उठाबस कोणीतरी करावी लागते. फॉन्टमधली चित्रं काढणारी फ्रीटाईप नावाची लायब्ररी असते, तो फ्रीटाईप ती करत नाही, तो फक्त सांगितलेलं चित्र रंगवून देतो. करतो तो हार्फबझ, म्हणजे अक्षरं जुळवणारी दुसरी लायब्ररी, आणि पायगेमच्या खाली मजकूर काढायला जे एसडीएल टीटीएफ आहे त्यात हार्फबझ असेल आणि त्याला ही देवनागरी आहे हे कळलं असेल तरच शब्द नीट निघतो. नाहीतर १५ चित्रं एकापुढे एक. मग तुम्ही शंभर फॉन्ट डाऊनलोड करा, शंभराही फॉन्टमध्ये तीच रांग दिसणार, फक्त वेगवेगळ्या वळणात.

उपाय एका ओळीचा आहे. फॉन्ट उघडल्यावर त्यावर सेट_स्क्रिप्ट चालवायचं आणि त्याला देवनागरीचा चार अक्षरी कोड द्यायचा, डी कॅपिटल, पुढे ई, व्ही, ए स्मॉल. याला एसडीएल टीटीएफ २.२० किंवा पुढचं लागतं. तुमच्याकडे कोणतं आहे ते पायगेमच्या फॉन्ट मोड्यूलमधल्या गेट_एसडीएल_टीटीएफ_व्हर्जन ला विचारा. जुनं असेल तर एरर येतो, आणि पायगेमच फार जुनं असेल तर सेट_स्क्रिप्ट नावाचं काही नाहीच असा एरर येतो.

आणि आता माझी लाज. मी ती ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवली होती आणि एक्सेप्टमध्ये लिहिलं होतं पास. म्हणजे एरर आला तर गप्प बस. का, तर त्या रात्री दोन वाजले होते आणि जुन्या पीसीवर प्रोग्रॅम सुरू तरी व्हावा एवढंच पाहिजे होतं. मंडपातला पीसी दर वर्षी कोणाच्या तरी घरून येतो, कधी फॉरमॅट मारलेला, कधी भाच्यानं लिनक्स टाकलेला, त्यावर सिस्टिमसोबत आलेलं जुनं पायगेम असतं, सेट_स्क्रिप्ट एरर देतं, माझा कोड तो एरर गिळतो, आणि सेक्रेटरी काका मला फोन करतात की फॉन्ट खराब झाला. दर वर्षी. तो पास काढला त्या दिवशी अर्धं दुखणं संपलं.

इथेच अजून एक घोळ होतो. पायगेम आणि पायगेम-सीई ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, पण इम्पोर्ट करताना दोन्हीचं नाव एकच. दोन्ही एकाच ठिकाणी इन्स्टॉल केली तर फाईली एकमेकांवर चढतात आणि मग कोणतं चालतंय ते देवालाच ठाऊक. दोन्ही अनइन्स्टॉल करा, मग एकच घाला. मी सीई वापरतो.

सेट_स्क्रिप्ट प्रत्येक फॉन्ट ऑब्जेक्टवर वेगळं चालवावं लागतं. मी साध्या फॉन्टवर चालवलं आणि बोल्डवर विसरलो, तर खालचा सगळा मजकूर छान आणि मथळे तेवढे फुटलेले, आणि मी तासभर बोल्ड फॉन्टच्या फाईलला शिव्या घालत बसलो. आता फॉन्ट उघडायचं एकच फंक्शन ठेवलंय, त्यातच सेट_स्क्रिप्ट, दुसरीकडे कुठे फॉन्ट उघडायचाच नाही.

इथपर्यंत साध्या मजकुराचं झालं. फॉरमॅटिंग आलं की गंमत सुरू होते, कारण फॉरमॅटिंग म्हणजे तुकडे करणं. पायगेमला "हा शब्द ठळक, तो लाल" असलं काही कळत नाही, एक रेंडर, म्हणजे मजकुराचं एकदा चित्र काढणं, म्हणजे एक फॉन्ट, एक रंग, एक पट्टी. तुम्ही ओळ कापायची, प्रत्येक तुकडा वेगळा काढायचा, शेजारी शेजारी चिकटवायचा. आणि कापताना सुरी कुठे पडते यावर सगळं आहे.

काकांची हौस होती की मथळ्याचं पहिलं अक्षर लाल पाहिजे, पत्रिकेत असतं तसं. मी शून्य नंबरचं अक्षर लाल, एकपासून पुढचं काळं असं केलं. "कार्यक्रम" मध्ये लाल क आला आणि मागे काळ्या कान्याच्या आधी एक ठिपक्या ठिपक्यांचं वर्तुळ. "विद्यार्थी" मध्ये व लाल, मग वर्तुळाला लटकलेली वेलांटी. ते वर्तुळ दिसलं की समजा तुकड्याची सुरुवात मात्रेनं झालीय, मात्रेला बसायला व्यंजन नाही म्हणून हार्फबझनं रिकामी खुर्ची काढून दाखवलीय. मला तर ते वर्तुळ आवडतं, चौकोनापेक्षा खूप काही सांगतं.

मग कापायचं कुठे? अक्षराच्या सीमेवर, म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याच्या. पायथनच्या रेजेक्स नावाच्या वेगळ्या मोड्यूलमध्ये बॅकस्लॅश कॅपिटल एक्स लिहिलं की ते अशा सीमा देतं, पण इथेही एक खड्डा आहे. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर अक्षर तुटायचं, म्हणजे र्थ्यां चे र्, थ्, यां असे तीन तुकडे. २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं त्यात देवनागरी, गुजराती वगैरेंसाठी जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम घातला. तुमच्या लायब्ररीत कधीचा युनिकोड भरलाय त्यावर उत्तर बदलतं. मी त्या भानगडीतच पडत नाही, तुकडा हलन्तावर किंवा हलन्तानंतरच्या अदृश्य जोडचिन्हावर (ते काय ते खाली येईलच) संपला आणि पुढे अक्षरच असेल तर दोन्ही चिकटवून टाकतो. पुढे स्पेस असेल तर नाही, नाहीतर "अर्थात्" पुढच्या शब्दाला जाऊन चिकटेल. खरं सांगायचं तर आता मी शब्दाच्या आत कापतच नाही. रंग किंवा ठळकपणा पूर्ण शब्दालाच. काकांना सांगितलं, पहिलं अक्षर लाल नाही मिळणार, पहिला शब्द लाल घ्या. घेतला.

ठळक शब्दासाठी मी दोन्ही बाजूला फुली टाकायची पद्धत ठेवली होती, व्हॉट्सॲपसारखी, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्या वहिनींना वेगळं शिकवायला नको. त्यात हा प्रकार झाला की *फळ* ठळक यायचं आणि *फळे* यायचं नाही, फुल्यांसकट तसंच छापलं जायचं. डोकं फिरलं. कारण असं की मजकुरात नमुने शोधणाऱ्या पायथनच्या नेहमीच्या आरई मोड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे शब्दातलं अक्षर, पण त्याच्या हिशोबात मात्रा, हलन्त आणि अनुस्वार अक्षरात मोडत नाहीत. फळ मध्ये मात्रा नाही म्हणून पास, फळे मध्ये मात्रा लागली की नापास. कानामात्रा नसलेले शब्द टेस्ट केले तर हा बग कधीच सापडणार नाही, आणि मी नेमकं "मदत", "नगर" असलंच काही टाकून बघितलं होतं. उपाय, फुलीपासून पुढच्या फुलीपर्यंत जे काही असेल ते घ्या, अक्षर आहे का विचारूच नका.

ओळ मोडायची तेव्हा स्पेसवर मोडा, पण पायथनचं स्प्लिट रिकाम्या कंसानं वापरू नका, ते न तुटणाऱ्या स्पेसवरही तोडतं. "सौ." ओळीच्या शेवटी एकटं आणि आडनाव खालच्या ओळीत, यावरून मंडपात मला ऐकून घ्यावं लागलं, आणि मी तिथे मुद्दाम न तुटणारी स्पेस घातली होती तरी! स्प्लिटला साधी स्पेस सांगून द्यायची. सीईमध्ये रेंडरला रुंदी दिली तर तो स्वतः ओळी मोडतो, पण ते एकाच फॉन्टच्या, एकाच रंगाच्या मजकुराला, मिसळ असली की आपलं आपण.

एका ओळीत दोन साईझ घेऊ नका असं माझं मत आहे. इंग्रजीत अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, तिथे फॉन्टचं असेंट, म्हणजे त्या रेषेपासून वरची उंची, घेऊन तुकडे खालून जुळवले की झालं. आपली अक्षरं वरच्या शिरोरेषेला लटकतात. खालून जुळवलं की वर शिरोरेषेची पायरी दिसते, वरून जुळवलं तर खाली उकार वरखाली होतात, आणि लांबून टीव्हीवर ती पायरी लगेच डोळ्यात खुपते. एका ओळीत एकच साईझ, वेगळेपणा रंगानं किंवा ठळकपणानं.

ठळकपणा सेट_बोल्डनं करू नका, तो खोटा बोल्ड असतो, आहे तेच चित्र जाड करतो, आणि ष, क्ष, ध यांची पोटं भरून जातात. बोल्डची वेगळी फाईल घ्या. माझा एकदाचा फॉन्टचा खरा दोष इथेच होता, दोष म्हणजे मीच नोटो सान्स देवनागरीची व्हेरिएबल फाईल उचलली होती, सगळी वजनं एकाच फाईलमध्ये, आणि पायगेम त्यातनं वजन निवडू देत नाही, म्हणून बोल्ड म्हणून जे उघडलं ते साधंच आलं. त्याच डाऊनलोडमध्ये स्टॅटिक नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या फाईली घ्या. किंवा मुक्ता घ्या, त्याची वजनं सुटी मिळतात.

तिसरा आजार राहिला, शब्द बदलण्याचा. महाप्रसादाच्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या मंडळींना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, वहिनींनी मजकूर पाठवला "आचाऱ्यांचा सत्कार". स्क्रीनवर आलं "आचार्यांचा सत्कार". अक्षर एकही फुटलेलं नाही, रफार अगदी ऐटीत. कॉलनीतल्या संस्कृतच्या निवृत्त बाईंनी विचारलं, कोणते आचार्य येतायत रे, मला आधी सांगायचं ना, आणि मंडपात हशा.

झालं असं की हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ, म्हणजे युनिकोडमधला ०९३१, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. दिसायला दोन्ही सारखेच. आणि मी व्हॉट्सॲपचा कचरा साफ करायला एक फंक्शन लिहिलं होतं जे सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकतं. चिन्ह गेलं, र चा रफार झाला, स्वयंपाकी विद्वान झाले. दऱ्या चा दर्या होतो तो असाच. हिंदीवाल्या मित्राला दाखवलं तर त्याला दोन्हीत फरकच दिसेना, "भिया, सही तो लिखा है", त्याचं बरोबरच आहे, हिंदीत हे रूप लागत नाही. म्हणून इंटरनेटवरून उचललेलं मजकूर साफ करायचं कुठलंही फंक्शन मराठीवर चालवायच्या आधी "तिसऱ्या", "आचाऱ्यांचा" असे शब्द त्यातनं काढून बघा. मी आता साफसफाईत हलन्तानंतर लगेच येणारं जोडचिन्ह तसंच राहू देतो, आणि सोबत ते र-हलन्त-जोडचिन्ह सरळ ऱ-हलन्त करून घेतो, म्हणजे पुढे शोधाशोध करतानाही दोन स्पेलिंगं नकोत.

टाईपरायटरसारखं एक एक अक्षर उमटवायचा इफेक्टही काकांना पाहिजे होता. मजकूर पहिल्या एका कोडपासून पंधरापर्यंत कापत प्रत्येक वेळी रेंडर केला तर "विद्यार्थ्यांना" लिहिलं जाताना हलन्त येतात, जातात, र आधी पाय मोडून बसतो मग उडून वर जातो, बघणाऱ्याला वाटतं मशीन शुद्धलेखन शिकतंय. मजकूर कापूच नका. पूर्ण ओळ एकदाच रेंडर करा आणि ब्लिट करताना, म्हणजे ते चित्र स्क्रीनवर चिकटवताना, एरिया म्हणून डावीकडून वाढत जाणारा आयत द्या. चित्र उघडत जातं, अक्षर तुटायचा प्रश्नच नाही. आणि प्रत्येक फ्रेमला नव्यानं रेंडर करणं तसंही चुकीचं, सेकंदाला साठ वेळा तेच चित्र काढून जुना पीसी तापतो, एकदा काढा आणि मजकूर बदलला तरच परत काढा.

वरच्या ओळीच्या वेलांट्या कापल्या जातायत असं वाटलं तर कोडला हात लावायच्या आधी टीव्हीचं पिक्चर सेटिंग बघा. बरेच टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतात. मी ओळींमधलं अंतर वाढवत बसलो आणि रिमोटवर दोन बटणांचं काम होतं.

नवीन सुरू करत असाल आणि गेम नाही, नुसता मजकूरच दाखवायचा असेल तर क्यूटी ही खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी घ्या असं मी म्हणेन. त्यात क्यूटेक्स्टडॉक्युमेंटला एचटीएमएल दिलं की ठळक, रंग, ओळी मोडणं सगळं होतं आणि हार्फबझ आतच असतो. दोन गोष्टी नडतात. डिफॉल्ट स्टाईलशीट एचटीएमएल देण्याच्या आधी सेट करावी लागते, नंतर दिली तर आधीच्या मजकुराला लागत नाही. आणि पेंटरचा पेन कोणत्या रंगाचा आहे याला डॉक्युमेंट विचारत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर काढून मोकळा होतो, रंग स्टाईलमध्येच द्या. मी स्वतः अजून पायगेमवरच आहे कारण मागे फिरणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या त्यात लिहिलेल्या आहेत आणि त्या परत लिहायचा उत्साह नाही.

आता प्रोग्रॅम सुरू होताच एक तपासणी करतो, ती तुम्हीही घाला, दोन ओळींचं काम आहे. फॉन्टच्या साईझ फंक्शनला "क्ष" ची रुंदी विचारायची आणि "कष" ची विचारायची. हार्फबझ जागेवर असेल तर क्ष एकच जोडाक्षर, कष पेक्षा अरुंद. नसेल तर क आणि ष शेजारी शेजारी, हलन्त खाली लोंबतोय, रुंदी कमी होतच नाही. साध्या आणि बोल्ड दोन्ही फॉन्टवर ही तपासणी चालते, आणि कोणताही एक नापास झाला तर कार्यक्रमपत्रिका दाखवायचीच नाही, पूर्ण स्क्रीन लाल, मधोमध पायगेमचा आणि एसडीएल टीटीएफचा व्हर्जन नंबर, इंग्रजीत, कारण त्या क्षणी मराठी दाखवता येत नाही हाच तर प्रॉब्लेम असतो.